मामांचं लोहचुंबक

जुनी गाडी बघायला जाताना डोंबिवलीच्या आमच्या मामांजवळ तीन गोष्टी असतात: लोहचुंबक, बॅटरी आणि अविश्वास. विमानात पहिल्या दोन त्यांनी चेक-इनच्या बॅगेत टाकल्या होत्या, तिसरी हँडलगेजमध्ये. उन्हाळ्यात ते तुलूझला माझ्याकडे राहायला आले, तेव्हा मी एखादी जुनी सित्रोएन घ्यायच्या विचारात होतो. हे कळल्यावर त्यांचा जेटलॅग तिथल्या तिथे उतरला.

"फ्रेंच गाडी? अरे, मला विचार की!"

हा नुसता मोठेपणा नव्हता. नव्वदच्या दशकात प्रीमियर कंपनी कल्याणच्या कारखान्यात प्यूजो ३०९ बनवायची आणि मामा त्या लाइनवर होते. तेवढ्या भांडवलावर ते आजही स्वतःला पाव फ्रेंच समजतात. पण ३०९ ही फ्रेंचांची शहाणी मुलगी. तिच्या बहिणींशी मामांची गाठ पडलेली नव्हती.

पहिली पडली ती रेनो ४ शी. मामांनी टेप काढली, डावीकडे पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत अंतर मोजलं, मग उजवीकडे मोजलं, आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "चल. ठोकलेली आहे. जवळजवळ पाच सेंटीमीटरचा फरक आहे." मालकाने मान डोलावली. हो, फरक आहेच, १९६१ सालापासून आहे. मागच्या चाकांचे टॉर्शन बार आडवे, एकापुढे एक बसवलेत, म्हणून उजवं चाक डाव्यापेक्षा ४८ मिलिमीटर मागे. अशा ऐंशी लाखांवर गाड्या विकल्या गेल्या. मामांनी टेप गुंडाळली, पण "ठोकलेली" हा शब्द काही मागे घेतला नाही.

जुनी फ्रेंच गाडी घेताना पहिली पंचाईत होते ती इथेच. आपल्याकडे काही विचित्र दिसलं की गाडीत खोट आहे असं समजायचं. इथे विचित्र दिसलं तर ते कारखान्यातून आलंय की मधल्या एखाद्या मालकाने केलंय, हे आधी शोधावं लागतं. कधी कधी तर काहीच विचित्र दिसलं नाही तर संशय घ्यायचा.

मग एका निवृत्त शिक्षकांची बीएक्स बघायला गेलो. सित्रोएनने १९८२ साली आयफेल टॉवरखाली लोकांसमोर आणलेली ही गाडी. आराखडा मार्चेल्लो गांदिनीचा, म्हणजे ज्याने लॅम्बोर्गिनी काउंटाश काढली त्याचा. काउंटाश बघून माणसाचा श्वास अडकतो. बीएक्स बघून माणूस विचारतो, पट्टीशिवाय दुसरं काही नव्हतं का याच्याकडे? जाहिरातीत लिहिलं होतं की गाडी रात्री गॅरेजात झोपते. फ्रान्समधली प्रत्येक जुनी गाडी गॅरेजात झोपते, जशी आपल्याकडची प्रत्येक जुनी गाडी डॉक्टरांनीच वापरलेली असते.

मामांनी बॉनेटला लोहचुंबक लावलं. ते सरळ घसरून खाली पडलं. त्यांचे डोळे चमकले. दुसऱ्या कोपऱ्यात लावलं, पडलं. मागच्या दरवाजावर लावलं, तिथूनही पडलं. "अख्खी गाडी पुट्टीने भरलीय!" मामा मराठीत, पण पाच घरांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले. शिक्षकांनी शांतपणे बॉनेटवर टिचकी मारली. प्लॅस्टिक! बॉनेट आणि मागचा दरवाजा कंपनीनेच प्लॅस्टिकचे दिले होते, वजन कमी राहावं म्हणून. लोखंडी पत्र्याचं बॉनेट असतं तर उलट विचारायला हवं होतं की हे कुठून आणलंत.

मामांनी मग मागचा बंपर दाबून शॉकअप बघायचा प्रयत्न केला. गाडी आधीच इतकी खाली बसलेली की दाबायला जागाच नव्हती. "शॉकअप गेलेत." नेहमीचे शॉकअप नव्हतेच. स्प्रिंगाही नव्हत्या. या गाड्यांत प्रत्येक चाकाला एक लोखंडी गोळा असतो, त्यात नायट्रोजन आणि एक हिरवं तेल, मध्ये रबरी पडदा. सगळी गाडी त्या तेलाच्या दाबावर उभी राहते आणि ब्रेकही त्याच तेलावर चालतात. शिक्षकांनी किल्ली फिरवली, डॅशबोर्डवर लाल अक्षरांत 'स्टॉप' पेटलं आणि बीएक्स उभी राहू लागली: आधी मागचं अंग, मग पुढचं, अगदी म्हैस उठते तशी. मामा दोन पावलं मागे सरले. 'स्टॉप' विझेपर्यंत गिअर टाकायचा नाही, कारण तोवर ब्रेकची खात्री नाही.

आता कान द्यायचा. इंजिन चालू असताना बॉनेटखालून अधूनमधून 'टक्' असा आवाज येतो, पंपाचा दाब भरल्याचा. दोन टक्‌मध्ये वीस-तीस सेकंद गेले तर उत्तम. दर दोन सेकंदांनी टकटक होत असेल तर दाब साठवणारा गोळा संपला. मामा घड्याळ धरून उभे राहिले. इथे मात्र ते पट्टीचे निघाले: टक्‌ मोजता मोजता मागचा कोपरा दाबून म्हणाले, "हा लाकडासारखा कडक लागतोय." बरोबर होतं. मागच्या डाव्या गोळ्यातला गॅस गेला होता. हे ऐकून घाबरायचं नाही. गोळा पान्याने फिरवून काढतात, आणि नवा साधारण दोघांच्या हॉटेलातल्या जेवणाच्या पैशांत येतो. घाबरायचं ते टाकीतलं हिरवं तेल तपकिरी झालेलं असेल तर. आणि गाडी हवी तेवढी उंच करता येते म्हणून तिच्याखाली नुसतं घुसायचं नाही. खाली बसताना ती कोणाला विचारत नाही.

एवढं होईतो शिक्षकांनी फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांची गोष्ट सुरू केली. १९६२ साली पती-क्लामारला त्यांच्यावर गोळीबार झाला, टायर फुटले, तरी सित्रोएन त्यांना घेऊन निसटली. गोष्ट शंभर टक्के खरी आहे. फक्त ती गाडी डीएस होती, बीएक्स नव्हे. जुनी सित्रोएन विकणारा कोणीही ही गोष्ट सांगतोच, आणि ती बहुधा तुम्ही गंजाच्या जवळ पोचलात की सुरू होते. मामांना फ्रेंच येत नसल्यामुळे त्यांच्यावर काही परिणाम झाला नाही. ते बॅटरी घेऊन मागच्या चाकापाशी पाइप बघत बसले होते.

शेवटी बॉनेट उघडलं आणि मामा एकदम गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "अरे, हे तर आपलं!"

सित्रोएन आणि प्यूजो १९७६ पासून एका घरातल्या. या बीएक्समध्ये टीयू मालिकेतलं चौदाशे सीसीचं इंजिन होतं, आणि कल्याणच्या पेट्रोल ३०९ मध्येही त्याच मालिकेतलं. मामांनी ऑइलचं झाकण काढलं, उलटं करून बोट फिरवलं. आत पांढरट मलई असेल तर हेड गॅस्केटकडून पाणी तेलात शिरलंय असा संशय घ्यायचा. मलई नव्हती. मग टायमिंग बेल्टचं बिल मागितलं. बिल नसेल तर बेल्ट बदललेलाच नाही असं धरून चालायचं, मालक कितीही सज्जन असो. तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि सज्जनपणा उपयोगी पडत नाही. शिक्षकांनी फाइल आणली. तीत बेल्टच काय, वायपरच्या रबराचंही बिल होतं. बीएक्सला वायपर एकच असतो, त्यामुळे बिलही निम्मं.

कागदांचं थोडक्यात: सहा महिन्यांच्या आतला कोंत्रोल तेक्निकचा, म्हणजे गाडीच्या तांत्रिक तपासणीचा, रिपोर्ट विकणाऱ्यानेच द्यायचा असतो. मामांना ती पीयूसी वाटली. रिपोर्टची पानं उलटताना ते गैरसमजातून बाहेर आले. विमा आधी काढायचा, किल्ली मग घ्यायची.

भाव ठरला. एका गोळ्याचे पैसे कमी झाले. प्लॅस्टिकच्या बॉनेटबद्दल मामांनी मागितलेली सूट शिक्षकांनी "ते गंजत नाही" म्हणून नाकारली. आता विक्रीचा फॉर्म. त्यात फ्रेंच सरकारला तारखेबरोबर वेळही लागते, तास आणि मिनिटं. शिक्षक घड्याळाकडे बघून पाच दहा लिहिणार, तेवढ्यात मामांनी त्यांचं पेन धरलं.

"आज रविवार. साडेचार ते सहा राहुकाळ."

मी म्हटलं, मामा, ते डोंबिवलीचं. इथे जूनमध्ये सूर्य साडेनऊनंतर मावळतो. रविवारी राहुकाळ दिवसाचा शेवटचा आठवा भाग, म्हणजे इथे पावणेआठच्या सुमारास लागेल. मामांनी विचार केला. जन्म डोंबिवलीचा, गाडी तुलूझची, आणि राहू दोन्हीकडे तोच. तेव्हा सहानंतर आणि पावणेआठच्या आत, म्हणजे दोन्ही पंचांगं सांभाळली जातील.

शिक्षकांना काय सांगावं कळेना. मी एवढंच म्हटलं, भारतीय बाजूची एक अट आहे, सहाच्या आधी सही चालत नाही. ते जराही गोंधळले नाहीत. सरकारी अटी म्हटल्यावर फ्रेंच माणूस वाद घालत नाही. त्यांनी कॉफी आणली, जर्दाळूचा टार्ट आणला, आणि सहा वाजून दहा मिनिटांनी फॉर्मवर १८ः१० लिहून मला विचारलं, याची एखादी प्रत भारतीय दूतावासाला पाठवायची असते का?