मा. चाळीस टक्के साहेब यांसी



आपली ओळख झाली मे २०२१ मध्ये. कोविडची दुसरी लाट होती, आम्ही घरात बसून मोबाइलवरच्या काळ्या चौकटींना शिकवत होतो, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मसुद्यातून आपण अवतरलात. कुठल्याही विषयाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकवता येईल, उरलेला वर्गात, असा तो बेत. मराठीचा प्राध्यापक म्हणून माझं लक्ष ‘पर्यंत’ आणि ‘येईल’ या शब्दांकडे गेलं. मोकळेढाकळे, माणसाला श्वास घेऊ देणारे शब्द. दिल्लीहून निघताना ते आपल्यासोबत होते, वाटेत कुठे उतरले कळलं नाही. आमच्या तालुक्याच्या स्टँडवर आपण एकटेच उतरलात आणि थेट नोटीसबोर्डावर चढलात: ‘सर्व प्राध्यापकांनी ४० टक्के अध्यापन ऑनलाइन पूर्ण करून पुरावे जमा करावेत.’

पुरावा काय चीज असते, हे आपल्याला ठाऊक नसावं. तपासणी समिती येणार म्हणून आमच्या अकरा नंबरच्या वर्गात प्रोजेक्टर लागला. त्याचा रिमोट प्राचार्यांच्या कपाटात, कपाटाची किल्ली हेडक्लार्ककडे आणि हेडक्लार्क दुपारी जेवायला घरी. माझा तास नेमका साडेबाराचा. मग आम्ही बंद प्रोजेक्टरखाली उभं राहून जिओटॅग फोटो काढला. ‘सर, पडद्याकडे बोट करा,’ असं शिपाईकाकांनी सुचवलं; या कामातला त्यांचा अनुभव माझ्याहून दांडगा. फोटोखाली अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ सगळं अचूक उमटलं. पडदा तेवढा कोरा होता, पण त्याचा रकानाच नाही.

आता एक कबुली देतो. आपण यायच्या आधीपासून मी हा उद्योग चोरून करत होतो. समास वर्गात पहिल्यापासून सांगायला घेतला की निम्मा तास विग्रह उतरवून घेण्यातच जातो. म्हणून द्वंद्व समास नऊ मिनिटांत बोलून मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. मुलं सकाळच्या एसटीत ऐकत येतात, दोघांत एक इअरफोन. एका मुलीकडे स्वतःचा फोन नाही. वडील रानातून आले की त्यांच्या फोनवर ती ऐकते, त्यामुळे जेवता जेवता तेही ऐकतात. दुसऱ्या दिवशी वर्गात ती उभी राहिली. ‘सर, बाबांनी विचारलंय, मीठभाकरमध्ये कांदा धरायचा का?’

धरायचा! समाहार द्वंद्वात जे बोललं जात नाही तेही धरायचं असतं. मीठ, भाकर आणि सोबतीला असेल ते. त्या कांद्यावर अख्खा तास रंगला. भाजीपाला आला, चहापाणी आलं, मागच्या बाकावरून अंथरूणपांघरूण आलं. घरी ऐकायचं आणि वर्गात भांडायचं, यालाच आपल्या भाषेत ब्लेंडेड लर्निंग म्हणतात ना?

नाही म्हणे. आमच्या गुणवत्ता कक्षाने सांगितलं की व्हॉट्सअ‍ॅप धरत नाहीत. लिंक हवी, लॉगिन हवं, पोर्टल हवं. म्हणून मी जुन्या नोट्सची पीडीएफ पोर्टलवर चढवली. ती आजतागायत कुणी उघडलेली नाही, पण अहवालात आहे. बढतीचं म्हणाल, तर आयोगाच्या २०१८ च्या नियमांत चार ठरावीक भागांत बसवलेल्या संपूर्ण अभ्यासक्रमाच्या ई-साहित्याला १२ गुण आहेत, एका मोड्यूलला ५. कांद्याला शून्य. माणूस जिकडे गुण तिकडे वळतो, साहेब; प्राध्यापकही माणसातच मोडतो.

आमच्या विभागात पूर्णवेळ मी एकटा. बाकीचे दोघे तासिका तत्त्वावर, घेतलेल्या तासांचा मोबदला मिळणारे. त्यांच्या बिलावर तारीख, वर्ग आणि घड्याळी तास लिहायचे असतात. त्यातल्या मॅडम घरचं लेकरू झोपलं की रात्री अकराला स्वयंपाकघरात रेकॉर्डिंग करतात, कारण तिथे पंखा नाही, आवाज स्वच्छ येतो. हे बिलात कुठे लिहायचं, असं त्यांनी एकदा ऑफिसात विचारलं. ऑफिस हसलं. ‘मॅडम, हा काय तास आहे का?’ नोटिशीच्या हिशोबात मात्र तो तासच आहे.

कॉलेजातल्या पूर्णवेळांच्या मनात वेगळीच पाल चुकचुकते. आज तास पडद्यावर गेले, उद्या कार्यभार कमी दिसला, तर परवा पदच उडेल. त्यामुळे स्टाफरूममध्ये आपलं नाव निघालं की नवं तंत्र येत नाही म्हणून कुरकुरणारे दोन, आणि तंत्र येतं पण आपल्याला येतं हे कळू न देणारे चार. या चौघांना आठ दिवसांच्या ऑनलाइन प्रशिक्षणाला पाठवलं होतं. चौघेही कॅमेरा बंद ठेवून उत्तीर्ण झाले.

आपणही एक समासच आहात. वर्ग आणि पडदा एवढीच पदं कागदावर दिसतात. वीज, रिमोट, मोबदला आणि शिकवणाऱ्याचा रिकामा वेळ हे न बोललेलं आपल्या विग्रहात धरलंय का, एवढं कळवावं. आमच्या वर्गातल्या त्या मुलीचे बाबा विचारतील.

आपला,
पुरावे जोडून थकलेला,
एक प्राध्यापक

ता. क. : पत्र संपेपर्यंत हेडक्लार्क जेवून आले. रिमोट मिळाला. त्यात सेल नाहीत. मागणीपत्र दिलंय, तीन कोटेशनं जोडा म्हणाले.