डांबरावरचं तेल

अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या टप्प्यात जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरचा सलग डांबरी थर टाकला गेला, आणि कतारचा विक्रम मोडून गिनीज बुकात नाव लागलं. अभिमान आहेच. आता डांबरावर सांडलेलं डिझेल किती तासांत उचललं जातं, याचीही नोंद कुणीतरी ठेवावी. तिथं आम्हाला हरवणं कतारला जमायचं नाही.

आमची पद्धत ठरलेली आहे. आधी बादलीभर पाणी. तेल पाण्यावर तरंगतं हे शाळेत शिकलोय, तरी पाणीच. हातभर डाग रस्ताभर होतो. मग कुणी दोन मुठी माती फेकतो, वर बाभळीची फांदी आडवी ठेवतो, की झालं आपत्ती व्यवस्थापन! खरं तर कोरडी वाळू नाहीतर लाकडाचा भुसा पसरायचा, तेल शोषू द्यायचं आणि झाडून भरून न्यायचा. पण नेणार कोण? टाकणारं खातं वेगळं, उचलणारं वेगळं.

डिझेल आणि डांबर, दोन्ही खनिज तेलाच्याच पोटचे. भावकी भेटली की डांबर पाघळतं, गिट्टी सुटते, खड्डा पडतो. खड्ड्याचं टेंडर निघतं. पोतंभर भुशात कुणाला काय सुटणार?

तोवर मृगाची पहिली सर येते आणि चौकात दुचाकीवाले एकेक करून साष्टांग घालतात. चूक त्यांचीच. हळू चालवायला काय झालं होतं?