सिल्क बोर्डची साक्ष

बंगळुरातल्या इंदिरानगरातली मराठी मंडळी त्यांना ‘डिटेक्टिव्ह काका’ म्हणतात, तेही त्यांना ऐकू जाईल अशा बेताने, कारण त्यांना ते आवडतं. जन्म गेला विमानं बनवणाऱ्या एचएएलच्या तपासणी विभागात. दुसऱ्याने ठोकलेल्या रिव्हेटमध्ये खोट काढायचा ज्याला आयुष्यभर पगार मिळाला, त्याने निवृत्तीनंतर गप्प बसावं, ही अपेक्षाच चूक. त्यात बालपण बाबूराव अर्नाळकरांच्या पुस्तकांवर पोसलेलं. हजारावर रहस्यकथा लिहिणाऱ्या अर्नाळकरांनी एका अख्ख्या पिढीला झुंजार या आपल्या नायकाचं वेड लावलं. काकांना मात्र त्यांनी फक्त संशयी करून सोडलं.

एरवी त्यांच्याकडच्या केसेस बेताच्या. टँकरवाला पाणी कमी ओततो का, तिसऱ्या मजल्यावरचा पेपर कोण पळवतं, शंभर फुटी रस्त्यावरच्या पबात आलेली पोरं आपल्याच फाटकासमोर गाड्या का लावतात. छडा एकाचाही लागलेला नाही. पण प्रत्येक केसची वेगळी वही आहे आणि वहीला प्लास्टिकचं कव्हर आहे.

आणि मग खरंच एक खून झाला. मागच्या रस्त्यावर एकटे राहणारे एक गृहस्थ घरात मृत सापडले आणि संशय आला त्यांच्या जुन्या ड्रायव्हरवर. पगारावरून दोघांचं वाजलेलं, हे साऱ्या गल्लीने ऐकलं होतं. हा ड्रायव्हर निपाणीकडचा, आता टॅक्सी चालवणारा. अधूनमधून काकांना मराठी मंडळात पोचवायचा आणि वाटेत बाकीच्या वाहनांना अस्सल मराठीत शिव्या द्यायचा. काकांनी तिथल्या तिथे निकाल दिला, “हा माणूस खून करूच शकत नाही.” हौशी डिटेक्टिव्ह ओळखायचा तो इथे. पोलीस पुराव्यापासून सुरुवात करून माणसापर्यंत येतात. हा माणसापासून निघतो, आणि पुराव्याने आपल्या सवडीने मागून यावं, असं त्याचं म्हणणं असतं.

काकांचं दैवत शेरलॉक होम्स नव्हे, खुद्द कॉनन डॉयल. मुंबईहून इंग्लंडात जाऊन पाद्री झालेल्या एका पारशी गृहस्थांचा मुलगा, जॉर्ज एडलजी, 1903 मध्ये रात्री शेतात शिरून जनावरं कापल्याच्या आरोपाखाली तुरुंगात गेला. पुढे डॉयल त्याला भेटायला एका हॉटेलात गेले, तर हा वर्तमानपत्र अगदी नाकाला लावून वाचत बसलेला. इतकी अधू नजर असलेला माणूस अंधारात शेतं तुडवत जाईल कसा? डॉयलनी 1907 मध्ये लेख लिहून रान उठवलं. काकांनी हा किस्सा ड्रायव्हरच्या वकिलांना सांगितला, त्यांच्या अशिलाचं अक्षर, उंची आणि चष्म्याचा नंबर विचारला. नजर ठणठणीत निघाली. तो धागा तिथेच तुटला.

दुसरा धागा मात्र जाड होता. त्या संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी ड्रायव्हरच्या टॅक्सीने इलेक्ट्रॉनिक सिटीच्या उड्डाणमार्गावर टोल भरल्याची फास्टॅगची नोंद होती. खून साडेसात ते आठच्या दरम्यानचा. काकांनी पुराव्याचा कायदा विकत आणला आणि आल्या-गेल्याला वाचून दाखवायला लागले. 1872 च्या कायद्यात उदाहरण होतं: गुन्हा कलकत्त्यात घडला आणि आरोपी त्या दिवशी लाहोरला होता, तर ही गोष्ट विचारात घ्यावी. 2024 च्या जुलैपासून नवा कायदा आला. लाहोर तर केव्हाच परक्या देशात गेलेलं, म्हणून आता तिथे चेन्नई आणि लडाख घातलेत. “लडाख कशाला?” काका कडाडले. “विमानाने माणूस लडाखहून परत तरी येतो. संध्याकाळी सातला सिल्क बोर्डच्या चौकातली कोंडी लिहिली असती तर काम भागलं असतं!”

हे विनोदाने म्हटलेलं नव्हतं. बचाव तोच होता.

मग सुरू झाला प्रयोग. तोच वार, तीच वेळ. काका स्टिअरिंगवर, मागे काकू, त्यांच्या हातात स्टॉपवॉच आणि मांडीवर चिवड्याचा डबा. सिल्क बोर्ड, कोरमंगला, ईजीपुरा, दोमलूर. प्रत्येक सिग्नलची वेळ वहीत. 2017 ला काम सुरू होऊन पुढे वर्षानुवर्षं नुसत्या खांबांवर उभा राहिलेला ईजीपुऱ्याचा उड्डाणपूल हा काकांच्या वहीत साक्षीदार क्रमांक तीन. पहिल्या दिवशी टोलपासून घरापर्यंत पावणेदोन तास लागले. काका हर्षभरित! बंगळुरात तुंबलेल्या रस्त्यात एवढा खूश झालेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

पण शास्त्र म्हणजे शास्त्र, प्रयोगाची पुनरावृत्ती हवी. पुढच्या आठवड्यात नेमका कसलासा बंद निघाला आणि गाडी पंचेचाळीस मिनिटांत दारात. काकूंना बरं वाटलं, वेळेवर कुकर लावता आला. काका जेवले नाहीत. “हा दिवस बाद धरायचा,” म्हणाले. पुढे वकिलांकडे त्यांनी तक्ते पसरले, तेव्हा वकिलांनी सगळं निमूट ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “सर, तो वाटेत गाडी लावून कुणाच्या स्कूटरवर बसला असेल तर?”

काकांनी नवी वही काढली.

इकडे काकूंनी एक साधी गोष्ट केली. त्यांनी ड्रायव्हरच्या बायकोला घरी बोलावून चहा दिला आणि दार लावून घेतलं. काकांचं कन्नड चाळीस वर्षांनंतरही ‘गोत्तिल्ला’ आणि ‘स्वल्प अडजस्ट माडी’ एवढ्यावरच अडलेलं आहे. पण इथे कन्नडची गरजच नव्हती, बाई कागलची. तिने पदराला डोळे पुसत सांगितलं, की त्या दिवशी टॅक्सी मेव्हणा घेऊन गेला होता.

“मग तो कुठे होता?”

तो इंदिरानगरातच होता. त्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे, एका बारमध्ये, साडेसहापासून बार बंद होईपर्यंत. सौंदत्तीच्या यल्लम्माची शपथ घेऊन त्याने दारू सोडली होती. बायकोला कळलं तर जीव देईल म्हणून खुनाचा आळ अंगावर घेऊन गप्प बसला होता. आणि बायकोला? तिला बार ठाऊक होता, टेबल ठाऊक होतं, उधारीचा आकडासुद्धा. फक्त ‘मला ठाऊक आहे’ हे त्याला कळलं तर त्याचा उरलासुरला धाक जाईल, म्हणून तीही गप्प.

वकील धावले. अशा ठिकाणच्या कॅमेऱ्यांत जुन्यावर नवं रेकॉर्ड होत जातं. चार दिवस उशीर झाला असता तर सगळं पुसलं गेलं असतं. चित्रण मिळालं, त्याला कायद्याने लागतं ते प्रमाणपत्र जोडलं गेलं. त्यात आमचा इसम तासन्‌तास ठाम बसून होता, मधूनमधून शेंगदाणे खात. तो सुटला.

पेढे घेऊन काकांच्या पाया पडायला आला तेव्हा मी तिथेच होतो. काकूंनी त्याला बाजूला घेऊन दोन शब्द ऐकवले. काका वही मिटून बसले होते. तो खोटं बोलला याचा त्यांना राग नव्हता, आपण आठवडेच्या आठवडे एका रिकाम्या टॅक्सीचं निर्दोषत्व सिद्ध करत होतो याचाही नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी चष्मा वर सरकवला आणि विचारलं, “ते असू दे. पण तू टॅक्सीत असतास, तर आठच्या आत पोचला असतास का?”

“छे हो साहेब,” तो म्हणाला. “सिल्क बोर्डावरनं?”

काकांनी पेढा घेतला.