सहावी गंगा

पंचगंगा म्हणजे कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती. आता सहावीही गुप्तच आहे: ५ मिलिमीटरपेक्षा बारीक प्लॅस्टिकची. राज्यात २०१८ पासून कॅरीबॅगवर बंदी आहे, म्हणून तर ती मागितल्याशिवाय मिळत नाही. पार्सलचा पांढरा रस्सा मात्र न मागता पातळ पिशवीतच येतो, वाफाळता, वर करकचून गाठ. ती सुटली तर शपथ! पिशवी फाडायची आणि पुढचं पंचगंगेला मिळणाऱ्या जयंती नाल्यावर सोडायचं. उन्हापाण्यात तिचा भुगा होतो. नरसोबावाडीला कृष्णा तो पदरात घेते आणि पार बंगालच्या उपसागरापर्यंत पोचवते, तेही डिलिव्हरी चार्ज न लावता. तिथल्या माशांनाही आता आपलं पार्सल सुरू. कोल्हापूरकर कुणाला उपाशी ठेवत नाही, भावा!