अकराव्या मजल्यावरचा चेनसॉ

सिंगापुरातल्या आमच्या एका स्नेह्यांनी आयुष्यातला पहिला चेनसॉ घेतला, तोही जुना. साखळी झटक्यात थांबवणारा ब्रेक नाही, पेट्रोलची नळी वाळून तडकलेली, "पण लोखंड बघा!" म्हणाले. सुंगेई रोडचा चोरबाजार 2017 साली उठला नसता तर आणखी स्वस्तात मिळाला असता, ही हळहळ वेगळीच. आता कापायचं काय? देशाचे पहिले पंतप्रधान ली क्वान यू यांनी 1963 पासून झाडं लावायचा ध्यास घेतलेलं हे शहर. इथे संरक्षित भागात मीटरभराहून जास्त घेराचं झाड परवानगीविना पाडलं, तर दंड 50,000 डॉलरपर्यंत. सध्या गॅलरीतला कढीपत्ता तेवढा जीव मुठीत धरून आहे. वहिनींनी मात्र परवा मुद्दाम अख्खा फणस आणला.