कंटेनरला लेटमार्क का नाही?

बोर्डाचे फॉर्म भरायचे दिवस आले की उरणच्या शाळा-कॉलेजांतून एकाच आकड्याची पूजा सुरू होते: 75 टक्के. एवढी हजेरी नसेल तर दहावी-बारावीच्या परीक्षेला बसता येत नाही. आधी घरी चिठ्ठी, मग 'उद्या वडिलांना घेऊन ये', मग फॉर्म अडवण्याची धमकी आणि अखेरीस 'पुढच्या वर्षी भर सतरा नंबरचा फॉर्म आणि बस बाहेरून!'

नियम चुकीचा नाही. वर्गात न बसता पास व्हायचं असेल तर शाळा हवी कशाला? आमचं भांडण मोजणाऱ्याशी आहे.

जासई गावचं पोर सकाळी वेळेवर घरातून निघतं. पुढे कंटेनरची रांग. न्हावा-शेवा बंदर 1989 साली सुरू झालं, तेव्हापासून या रस्त्यावर पहिला मान ट्रेलरचा. पोर घामाघूम होऊन वर्गाच्या दाराशी पोचतं तेव्हा पहिला तास अर्धा झालेला, कॅटलॉग बंद. 'सर, ट्रॅफिक होतं.' 'रोजच असतं, लवकर निघायचं!' ट्रेलरला मात्र कोणी लवकर निघायला सांगत नाही. 12 जानेवारी 2024 ला उरणला लोकल आली, पण ती रुळावरच धावते. गावातून स्टेशनपर्यंत जायला पुन्हा तोच रस्ता आणि तीच रिक्षा. घारापुरी बेटावरच्या पोरांची तर तऱ्हाच वेगळी. त्यांना मास्तरांआधी समुद्राची परवानगी लागते. पावसाळ्यात दर्या खवळला की कॅटलॉगमध्ये गैरहजर कोण? पोरगंच.

विद्यार्थ्याचा शब्द या गावात खोटा धरतात म्हणावं, तर तेही नाही. 22 सप्टेंबर 2016 ला इथल्या शाळकरी मुलांनी काळ्या कपड्यातली, हत्यारं घेतलेली माणसं पाहिल्याचं सांगितलं. तेवढ्यावर मुंबईच्या किनाऱ्यावर हाय अलर्ट, नौदल, कमांडो, हेलिकॉप्टर! दुसऱ्या दिवशी शाळा बंद. सापडलं कोणीच नाही. म्हणजे 'बंदूकवाला पाहिला' म्हटलं तर सगळं सरकार धावतं. 'कंटेनर आडवा होता' म्हटलं तर वर्गशिक्षकही मान वर करत नाहीत.

आता दुसरी बाजू. अकरावी सायन्सला ॲडमिशन एका कॉलेजात, लाखांची फी पनवेल-नवी मुंबईच्या क्लासमध्ये. पोरगा कॉलेजात फक्त प्रॅक्टिकलच्या परीक्षेला दिसतो, शिपाई त्याला 'कोण पाहिजे?' विचारतो, आणि हजेरी मात्र भरगच्च! याला 'इंटिग्रेटेड' म्हणतात. हे थांबवायला 2018 साली सरकारनं ज्युनिअर कॉलेजच्या सायन्सला बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली. मशीन आलं, पण धंदा काही गेला नाही. सीबीएसईला तर 'डमी' शाळांवर अचानक धाडी घालाव्या लागल्या. तात्पर्य एवढंच, की फी भरून मारलेली दांडी ती करिअर आणि बापाबरोबर मासळी उतरवायला गेल्यामुळे पडलेली ती बेशिस्त.

आणि मास्तरांची हजेरी? शिक्षण हक्क कायद्यानं शिक्षकांना जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून बाहेरची कामं देता येत नाहीत. पण इथे दर थोड्या दिवसांनी कुठली ना कुठली निवडणूक असतेच, आणि मतदार यादी तर बारमाही. मास्तर यादी घेऊन दारोदार, वर्ग मॉनिटरच्या ताब्यात. तो दिवस मुलाच्या खात्यात हजर, शिकवण्याच्या खात्यात शून्य. ही टक्केवारी कुठल्याच नोटीस बोर्डावर लागत नाही.

म्हणून पालकहो, पुढच्या पालकसभेत चिठ्ठीवर मुकाट्यानं सही करू नका. तीन गोष्टी मागा. कॅटलॉगमध्ये गैरहजेरीसमोर कारणाचा रकाना. विषयवार किती तास ठरले आणि किती झाले, त्याचा दरमहा फलक. आणि शाळा भरायच्या वेळेत जड वाहनांना बंदी, त्यासाठी शाळेच्या लेटरहेडवर वाहतूक पोलिसांना पत्र. मुलानं 75 टक्के भरावेत, जरूर भरावेत. पण शाळेनं, रस्त्यानं आणि सरकारनं आधी आपापले 75 दाखवावेत. फॉर्म अडवायचाच असेल तर सुरुवात तिथून करा.