जरा उजेडात पाहू द्या

जुन्या रेकॉर्डी शोधणाऱ्या माणसाला ‘चला, मीही येतो’ असं कधीही म्हणू नये. मी म्हणालो. त्याला बारा वर्षं झाली, आणि माझे किती रविवार त्यात गेले याचा हिशेब आमच्या घरी तोंडपाठ आहे. मला नव्हे, हिला.

पहिला रविवार पुण्याच्या जुन्या बाजारातला. कुलपं, पाने, नळाच्या तोट्या, एकेकटे बूट, मेलेले मोबाईल, आणि या सगळ्याच्या टोकाला गोणपाटावर रेकॉर्डींची चळत. बाबूजी उकिडवे बसले. एक रेकॉर्ड पाकिटातून सरकवली, दोन तळहातांच्या मध्ये कडेवर धरली आणि दुकानदाराला म्हणाले, “जरा उजेडात पाहू द्या.”

ऑक्टोबरचं ऊन होतं. उघडं मैदान, डोक्यावर ताडपत्रीसुद्धा नाही. याहून जास्त उजेड आणायचा कुठून, हे त्या बिचाऱ्याला कळेना.

“हा उभा उजेड आहे,” बाबूजींनी समजावलं. “मला तिरपा पाहिजे.” आणि रेकॉर्ड घेऊन ते चालू लागले. गर्दीत दिसेनासे झाले. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं आणि माझी पिशवी आपल्या बाजूला ओढून घेतली. वीस मिनिटं मी ओलीस होतो. मग बाबूजी आले, “साफ आहे,” म्हणाले, आणि रेकॉर्ड होती तिथे परत ठेवून दिली.

हा माणूस तुमच्याही ओळखीचा असणार. कोणाचा मेहुणा असतो, कोणाचा ऑफिसातला शेजारी. भंगारवाल्याच्या मुलांची नावं त्याला पाठ असतात. कोणाच्या आजोबांच्या तेराव्याला गेला की पानावर बसल्या बसल्या माळ्याकडे बघत राहतो. एकेका दुकानात चार तास काढतो आणि बाहेर पडताना ‘काही नाही मिळालं’ हे इतक्या तृप्त चेहऱ्याने सांगतो, की मिळालेली माणसं खजील व्हावीत.

आमचा नमुना तुकईथडचा. बुऱ्हाणपूर जिल्ह्यात, देडतलाईच्या बाजूला, जिथून मेळघाटाचं जंगल सुरू होतं, तिथलं हे स्टेशन. मूळचे हे अकोल्याचे. नोकरीची शेवटची बरीच वर्षं तुकईथडच्या तिकीट-खिडकीमागे काढली आणि निवृत्त झाल्यावर तिथेच राहिले. खिडकीमागच्या माणसाला आमच्याकडे बाबूजी म्हणतात, म्हणून हे बाबूजी. आता मराठी गाण्यांच्या दुनियेत बाबूजी एकच, सुधीर फडके. यातून एकदा फार घोटाळा झाला. ‘बाबूजींना घेऊन येतोय, त्यांना जुन्या रेकॉर्डी बघायच्यात,’ असं मी एका दुकानदाराला फोनवर सांगितलं. फडके २००२ साली गेले, त्यामुळे त्याने अर्थ लावला तो ‘बाबूजींच्या रेकॉर्डी बघायच्यात’ असा. आम्ही पोचलो तर टेबलावर गीतरामायणापासून भावगीतांपर्यंत सगळे फडके पुसून मांडलेले. बाबूजींनी त्यातली एक उचलली.

“जरा उजेडात पाहू द्या.”

दारात गेले, तिरपी धरली, पाकिटाची मागची बाजू पाहिली, पुढची पाहिली. परत आले. “गाणं उत्तम आहे,” ते म्हणाले. “शिक्का नाही.”

शिक्क्याचं काय, ते मला तेव्हा कळलं नाही. विचारायची सोयही नव्हती, कारण तोवर ते दुसरी घेऊन दारात उभे होते.

हा उजेडाचा नाद रेकॉर्डींपुरता असता तर मी चालवून घेतला असता. पण ते बुऱ्हाणपूरला आमच्याकडे येतात तेव्हा केळीची फणी खिडकीत नेतात. मावा-जिलेबीचा घास घेण्याआधी ती डोळ्यासमोर तिरपी धरून तिच्या वेटोळ्यांतून पलीकडे पाहतात. पाक त्यांच्या शर्टावर आणि आमच्या सतरंजीवर. माझ्या मुलाचं दहावीचं गुणपत्रक त्यांनी अंगणात नेऊन इतका वेळ तिरपं धरलं, की मुलगा घाबरून खरे गुण सांगू लागला. पुतण्यासाठी स्थळ आलं तेव्हा मुलीचा फोटो हातोहात फिरत त्यांच्याकडे पोचला. तो त्यांनी दारात नेला आणि सगळ्यांसमोर निकाल दिला, “कडेला थोडी झिजली आहे, बाकी साफ.” ते फोटोच्या प्रतीबद्दल बोलत होते. मुलीकडच्यांचा पुन्हा फोन आला नाही.

माझ्या छातीचा एक्स-रे काढला तेव्हा हे सोबत होते. डॉक्टरांनी फिल्म उजेडापुढे धरली. बाबूजींचा चेहरा उजळला. “समजदार माणूस आहे,” बाहेर आल्यावर म्हणाले. “फक्त तिरपी धरायला पाहिजे होती.”

खरं सांगायचं तर त्यांच्या या तिरपेपणात शास्त्र आहे, आणि ते मी त्यांच्याच मागे उभं राहून शिकलो. मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी रेकॉर्ड लाखेची. लाख, दगडाची पूड, काजळी, असा तो माल. लाखेचे किडे पळसावर, बोरीवर, कुसुमावर वाढतात. म्हणजे आमच्या रानातल्या झाडांशी या गाण्याचं नातं. ही रेकॉर्ड समोरून पाहिली तर नुसती काळी. तिरपी धरली की तिच्यावरून उजेड घरंगळतो आणि केसाएवढी चीर असली तरी चमकून जाते. मग बोटाच्या पेराने टिचकी. माठ घेताना वाजवतो तसंच. बद्द आवाज आला तर खाली ठेवा.

पण चीर शोधणं हा निव्वळ बहाणा. बाबूजी पाहतात ती झीज. लोखंडी सुई जिथून पुन्हा पुन्हा गेली, तिथे काळ्या चकचकीवर करडी झाक येते. “हे पाहा,” त्यांनी मला एकदा हिराबाई बडोदेकरांची एक रेकॉर्ड दाखवली. “सगळी काळीभोर, आणि इथं शेवटी एवढा करडा पट्टा. घरातलं कोणीतरी सुई उचलून परत परत इथंच ठेवत होतं.” कोण, ते थोडंच कळणार! पण त्यानंतर अर्धा तास आम्ही त्या न दिसणाऱ्या माणसाबद्दल बोलत होतो. ते सासूला नको असलेलं गाणं असावं, असा माझा अंदाज. बाबूजींच्या मते ती परीक्षेला बसलेली मुलगी होती. रेकॉर्ड घेतली नाही, हे सांगायला नकोच.

गौहर जानने १९०२ साली कलकत्त्यात रेकॉर्डिंग केलं तेव्हा गाणं संपल्यावर स्वतःचं नाव सांगितलं. त्या काळी रेकॉर्डी छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात. तिथल्या कामगारांना गाणारी कोण, हे कळावं म्हणून ही युक्ती. मी मोठ्या ऐटीत ही माहिती पुरवली. बाबूजींनी ती एका वाक्यात खिशात टाकली. “म्हणजे तिकिटावर स्टेशनचं नाव असतं तसं.”

मुंबईच्या काळ्या घोड्यावरचं रिदम हाऊस २०१६ साली बंद झालं, तेव्हा संगीतप्रेमी हळहळले. रेकॉर्ड विकत घेण्याआधी काचेच्या खोलीत बसून ऐकायची तिथे सोय होती. बाबूजीही हळहळले, पण वेगळ्या कारणाने. “काचेतून उजेड काय सुंदर यायचा! आणि लोक आत जाऊन ऐकत बसायचे.” चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर एका दुकानदाराने आम्हाला कुजबुजत बीटल्सची ७८ची रेकॉर्ड दाखवली. बाकी जगात एलपी आणि ४५चा जमाना आला होता तरी आपल्याकडे लाखेच्या रेकॉर्डी निघतच होत्या, म्हणून बीटल्सही लाखेवर छापले गेले. परदेशातले संग्राहक त्यासाठी वेडे होतात. दुकानदाराने आकडा सांगितला. मी भिंतीला टेकलो. बाबूजींनी पाकीट उलटंसुलटं केलं. “शिक्का नाही,” म्हणाले, आणि शेजारच्या डब्यातल्या गंजक्या सुया मोजायला लागले.

आता तर जुन्या रेकॉर्डींना चांगले दिवस आलेत म्हणे. मंद दिवे, कॉफीचा वास, भिंतीवर कुत्र्याचं चित्र, आणि नव्याने छापलेली तीन-चार हजारांची एलपी. अशा एका दुकानात मी त्यांना नेलं. हातमोजे घातलेल्या मुलाने अदबीने रेकॉर्ड काढली. बाबूजींनी छताकडे पाहिलं, चारी कोपरे पाहिले. “उजेड कुठं ठेवला आहे?” मुलाने मोबाईलची बॅटरी लावली. त्या उजेडात रेकॉर्ड तिरपी झाली, गोल फिरली. “ही तर कोणी वाजवलीच नाही अजून,” बाबूजी निराश होऊन म्हणाले. “काय पाहू हिच्यात?” तो मुलगा हे वाक्य आजही गिऱ्हाइकांना सांगत असेल, स्तुती म्हणून की तक्रार म्हणून, देव जाणे.

चार वर्षं असं फिरल्यावर मी एकदा तुकईथडला त्यांच्या घरी गेलो आणि शिक्क्याचा उलगडा झाला.

भिंतभर सागवानी मांडणी. तिकीट-खिडकीमागे पुठ्ठ्याची तिकिटं ठेवायला स्टेशनवार कप्पे असायचे, त्या धाटणीची, फक्त कप्पे रेकॉर्डींच्या मापाचे. प्रत्येक कप्प्यावर पांढऱ्या रंगात स्टेशनचं नाव: पूर्णा, वसमत, हिंगोली, वाशिम, अकोला, अकोट, हिवरखेड, धूळघाट, तुकईथड, आमला खुर्द, खंडवा आणि पुढे थेट महू, इंदूर, रतलाम. आमची मीटरगेज. रेकॉर्डी गायकवार नाहीत, रागवार नाहीत, सालवार नाहीत. पूर्वी गावोगावचे दुकानदार कागदी पाकिटावर आपला शिक्का उठवत. ही दुकानं म्हणजे रेडिओ, ग्रामोफोन, सायकली, घड्याळं, स्टोव्ह, सगळं एकाच छताखाली. शिक्का ज्या गावचा, रेकॉर्ड त्या कप्प्यात. सैगल वाशिमला होते. अब्दुल करीम खाँ हिंगोलीला उतरले होते. किशोरकुमार खंडव्याचे, तिथेच जन्मले आणि तिथेच त्यांची समाधी; पण त्यांची एक रेकॉर्ड अकोल्याच्या कप्प्यात होती, कारण शिक्का अकोल्याचा. “जन्म कुठला का असेना,” बाबूजी म्हणाले, “तिकीट कुठून काढलं ते महत्त्वाचं.”

काही कप्पे रिकामे होते. धूळघाट रिकामा; तिथे गाडी डोंगर चढायला स्वतःभोवतीच वेटोळं घालायची, ग्रामोफोनचं दुकान कोण घालणार? आणि तुकईथड रिकामा.

“इथं दुकान नव्हतंच कधी,” मी म्हणालो.

“नसेल,” ते म्हणाले. “कप्पा काऊन सोडायचा पण? गाडी थांबत होती ना.”

कोपऱ्यात चावीचा ग्रामोफोन होता. त्याची स्प्रिंग तुटलेली. दुरुस्त का करत नाही, असं विचारलं तर म्हणाले, ऐकायला मोबाईल आहे की. मग एकदम आठवण आल्यासारखं त्यांनी वाशिमचे सैगल काढले, चढवले, सुई टेकवली आणि तबकडी तर्जनीने फिरवायला लागले. सैगल कधी धापा टाकत, कधी झोपेत असल्यासारखे गायले. वहिनीसाहेब स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “झालं का गावाला जाऊन?”

२०१७ साली तुकईथडवरून जाणारी मीटरगेज बंद पडली. रूळ रुंद करायचे, पण ते व्याघ्र प्रकल्पातून न्यायचे की बाहेरून, याची चर्चा वाघांपेक्षा जास्त वर्षं जगेल अशी चिन्हं होती. बाबूजी आता देडतलाईवरून बसने येतात. बसला ते कधीच ‘गाडी’ म्हणत नाहीत.

मग त्यांचा मोतीबिंदू निघाला. दोन्ही डोळ्यांत, आणि बराच जुना. ऑपरेशन नीट झालं. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला, आवाज पडलेला. “सगळ्या घासलेल्या आहेत हो.”

“काय?”

“रेकॉर्डी. हिंगोली, वाशिम, सगळं. ओरखडेच ओरखडे. आधी साफ होत्या सगळ्या.”

म्हणजे इतकी वर्षं, पुण्याच्या उन्हात, चोर बाजारात, आमच्या खिडकीत हा माणूस रेकॉर्ड तिरपी धरून ‘साफ’ म्हणत होता तेव्हा त्याला दिसत होतं ते धुकं! मला हसू आवरेना. फोन ठेवल्यावर मात्र मी बराच वेळ काही केलं नाही.

त्यानंतर जे केलं ते सांगायला जरा लाज वाटते. बुऱ्हाणपुरात रबरी शिक्के करणाऱ्याकडे गेलो. ‘रेडिओ, ग्रामोफोन, सायकल व स्टोव्हचे व्यापारी, तुकईथड’. एक कोरं खाकी पाकीट मिळवलं, शिक्का थोडा वाकडा उठवला आणि जुनं दिसावं म्हणून पाकीट चहात बुडवून वाळवलं. आत घातली हिराबाईंची एक रेकॉर्ड. तुकईथडला जाऊन, ‘भंगारात सापडली’ म्हणून त्यांच्या हातात दिली. त्यांनी पाकिटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

“जरा उजेडात पाहू द्या.”

दारात गेले. नवे डोळे, संध्याकाळचं तिरपं ऊन. मी चपला घालायच्या तयारीत.

“शाई नवी आहे,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले. “आणि चहा साखरेचा होता. मुंग्या लागतील.”

मी काहीच बोललो नाही. त्यांनी खिशातून रुमाल काढला, तुकईथडचा कप्पा आतून पुसला, रेकॉर्ड आत सरकवली आणि तिची कड बाकीच्या कडांशी जुळवली.

“दुकान कुठं होतं हे?” त्यांनी विचारलं.

“स्टेशनसमोर,” मी म्हणालो.

“डाव्या हाताला की उजव्या?”

“डाव्या.”

“हां,” बाबूजी म्हणाले. “तिथं उजेड चांगला होता.”